तालमीचं दूध

साहेबांकडे दोन छत्र्या होत्या. एक खाटीकखान्याची आणि एक गावातली. दोन्ही काळ्या, दोन्हींच्या मुठी वाकड्या. पण खाटीकखान्याची छत्री आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाही. ती अंगणातल्या पेरूला टांगलेली असायची. एकदा पाऊस आला म्हणून आईनं ती उचलून सोप्यात ठेवली, तर हा गृहस्थ भरल्या ताटावरून उठला, आईला हात धुवायला लावले, सोपा पुन्हा सारवायला लावला आणि मगच जेवायला बसला. आई चिडून मला म्हणाली, "ह्यो भाडेकरू हाय का माझी सासू?"

भाडेकरूच होते. लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. साताऱ्याहून सांगलीकडे जाताना आमचं तालुक्याचं गाव लागतं. नाव सांगत नाही, कारण पुढं ज्यांच्या म्हशीचा विषय निघणार आहे त्यांची नातवंडं अजून तिथं आहेत आणि भांडायला ती माझ्यापेक्षा तिखट आहेत. माझे यजमान पलटणीत होते, मिसरच्या वाळवंटात कुठंतरी. मी माहेरी राहून मुलींच्या शाळेत शिकवत होते. वडील गेलेले. घरात आई, मी आणि माझ्या पाठचा भाऊ बापू, एवढेच. बाहेरची खोली रिकामी होती, ती नगरपालिकेच्या सॅनिटरी इन्स्पेक्टरांना दिली.

जतच्या पुढच्या कुठल्याशा कानडी गावचे हे लिंगायत. पन्नाशीचे, बायको गेलेली, मूलबाळ नाही. अंगानं काटकुळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि गळ्यात सदऱ्याच्या आत लिंग. जन्मात मांसाचा तुकडा तोंडात घातलेला नाही, आणि नोकरी काय, तर रोज सकाळी खाटीकखान्यात उभं राहून जनावर कापायच्या आधी आणि कापल्यावर तपासायचं! कुणी विचारलंच तर म्हणायचे, "खाणाऱ्याला भूक असते बाबा. मला भूक न्हाई, म्हणून मला नीट दिसतं."

गल्लीनं त्यांचं नाव उकळीसाहेब पाडलं होतं. कुणाच्या घरी चहा पुढं आला की आधी प्रश्न यायचा, "दूध उकळलंय? वर आलं होतं का नुसतं कोमट केलंय?" बाई म्हणाली की उकळलंय, तर हे चुलीपर्यंत मान लांब करून बघायचे. आमच्याकडे तर त्यांनी चहात दूध घ्यायचं सोडूनच दिलं होतं. गुळाचा काळा चहा प्यायचे, तोंड वाकडं करून. मला राग यायचा. आमच्या घरचं दूध काय गटारातनं येतं? एकदा तोंडावर विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "तंगी, गटारातनं येत न्हाई. गटारावरनं येतं." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. बापूला ते तम्मा म्हणायचे, धाकटा भाऊ.

आईचं आणि त्यांचं दुधावरून रोज वाजायचं. दूध उतू जाऊन विस्तवावर पडलं की म्हशीच्या कासेला फोड येतात, अशी आमच्याकडच्या बायकांची पक्की समजूत. म्हणून दुधाला जरा कड आला न आला की भांडं खाली. त्यात लढाईमुळं रॉकेल मिळेना, सरपण महाग. आई म्हणायची, "तुमचं ऐकून उतू घालवू आन म्हशीला फोड आणू व्हय?" साहेब म्हणायचे, "मग भांडं मोठं घ्या की ओ." ह्याच्यावर आई भांडी आपटायची.

त्यांचं एक वाक्य मला पाठ आहे, कारण ते त्यांनी आमच्या शाळेत येऊन मुलींना सांगितलं होतं आणि त्यानंतर दोन मुली उलटी करून घरी गेल्या होत्या. "दूध आणि रक्त एकाच अंगातनं येतं. रक्त बघून तुम्हाला किळस येते, दूध बघून तोंडाला पाणी सुटतं. जंतूला रंग दिसत न्हाई." हेडबाईंनी मला बोलावून झापलं, जसं काही मीच त्यांना घडवलं होतं.

खाटीकखाना गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी. तिथलं रक्त, शेण, आतड्यांतली घाण, सगळं ओढ्यात. त्याच्याच खाली गवळी घागरी विसळायचे, म्हशी डुंबायच्या आणि चिखलानं लडबडलेल्या कासा तशाच पिळल्या जायच्या. घागरीतलं दूध डोक्यावर हिंदकळू नये म्हणून तोंडाला गवताचा बोळा कोंबायचा, ही गवळ्यांची जुनी रीत. गवत कुठलं? ओढ्याच्या काठचंच. साहेब सकाळी वेशीत उभे राहायचे, प्रत्येक घागरीतला बोळा उपसून काढायचे आणि नाकाशी धरायचे. दुधात पाणी किती हे बघायची काचेची नळी पालिकेनं त्यांना दिली होती, ती ते खिशातनं काढतही नसत. म्हणायचे, "ही नळी पाणी घातलंय का तेवढं सांगते. कुठलं घातलंय ते सांगत न्हाई."

एकदा त्यांनी असाच एक बोळा भर सभेत पालिकेच्या अध्यक्षांच्या पाण्याच्या गिलासात बुडवला आणि गिलास पुढं सरकवला. "घ्या की. रोज चहातनं घेता." अध्यक्षांना मिरच्या झोंबल्या. खाटीकखान्याच्या घाणीला वेगळी मोरी बांधायचा साहेबांचा अर्ज त्यानंतर कुणी वाचला नाही.

खाटीकखान्यात मात्र त्यांना मान होता. तिथला मुख्य खाटीक इब्राहिमभाई. पहिली दोन वर्षं दोघं एकमेकांवर ओरडायचे. मग इब्राहिमभाईच त्यांच्यासाठी सावलीत पाट टाकायला लागला. इब्राहिमभाईचा धाकटा भाऊ कोथळे आणि गर्भाच्या पिशव्या साफ करायचा, उघड्या हातांनी. त्याला एका उन्हाळ्यात विचित्र ताप लागला. सकाळी माणूस ठणठणीत, संध्याकाळी ताप, पहाटे घामानं अंथरूण ओलं. आठ-पंधरा दिवस बरा, की पुन्हा तेच. सांधे धरले. साहेबांनी त्याला मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. तिथं कळलं की गाभ टाकलेल्या जनावराची पिशवी, वार, दूध, ह्यांतनं हा ताप माणसाला येतो. तेव्हापासून साहेब खाटीकखान्याच्या मागच्या खड्ड्यात काठी घालून ढोसत बसायचे. जनावरं दिवस भरायच्या आधी गाभडली की लोक तो मेलेला जीव पहाटे गुपचूप त्या खड्ड्यात आणून टाकायचे. कुणी आणून टाकला ते खाटीक सांगायचे, म्हणून साहेबांना कुणाचं जनावर गाभडलं ते कळायचं. गाव हसायचं. मीही हसायची. पांढरं धोतर नेसलेला, विभूती लावलेला माणूस घाणीच्या खड्ड्यावर छत्री धरून उकिडवा बसलाय, हे बघून हसू येणार नाही तर काय येणार?

आता बापूचं सांगते. बापू आमच्या गावच्या तालमीचा पहिल्या नंबरचा पैलवान. अंगानं आडवातिडवा, पण बोलणं एवढं थोडं की आई म्हणायची, ह्याच्या वाटणीचं मी हिला दिलंय. सांगलीच्या मैदानात त्याची कुस्ती ठरली होती, कोल्हापूरकडच्या एका नावाजलेल्या पैलवानाशी. सारं गाव त्याच्यामागं. आणि पैलवान गावाचा म्हणजे त्याचं दूधही गावानं द्यायचं. धारोष्ण, म्हणजे धार काढल्या काढल्या, फेसासकट, तोंडाला लावायचं. उकळलेलं दूध पैलवानाला दिलं तर वस्ताद हाकलून द्यायचे. म्हणायचे, "इस्तवानं त्यातला जोर जळतोय."

आमच्या आळीत ह्या दुधाची एक रीत होती. ज्या म्हशीचं रेडकू मेलंय तिचं दूध विकायचं नाही, घरात खायचं नाही, ते तालमीला द्यायचं. ह्यामागं बायकांचा विचार असा, की एरवी आपण दूध काढतो ते रेडकाच्या तोंडचं काढतो. रेडकूच नाही तर कुणाच्या तोंडचं काढल्याचं पाप नाही. असं निर्मळ दूध पैलवानाच्या पोटात जावं. मला अजून ही रीत मनातनं आवडते, खरं सांगते. ज्या कुणी बाईनं ती पहिल्यांदा घातली असेल तिचं मन चांगलं होतं. पण रेडकू कशानं मेलं, हे त्यात कुणी विचारत नव्हतं.

आमच्या शेजारची सोनाक्का म्हणजे तिखट जिभेची, पण देण्याच्या हाताची. त्या वर्षी तिची म्हैस दिवस भरायच्या आधी गाभडली. तिनं गावात सांगितलं, रेडकू जन्मलं आणि थंडीनं गेलं. म्हैस गाभडली असं कळलं तर तिला बाजारात कोण विचारणार? पण साहेबांनी तो जीव खड्ड्यात काठीनं उलटून पाहिला होता. अंगावर धड केस आलेले नव्हते. ते तडक सोनाक्काच्या दारात गेले. "बाई, हे दूध कुणाला देऊ नका. द्यायचंच तर खळाखळा उकळून द्या." सोनाक्का म्हणाली, "बरं बरं." आणि त्याच संध्याकाळी तिनं पान्हा फुटावा म्हणून कुठलंसं जुनं पेंढा भरलेलं रेडकू म्हशीपुढं उभं करून धार काढली आणि तांब्या तालमीत धाडला.

महिना-दीड महिना गेला असेल. बापूला संध्याकाळी कणकण यायला लागली. अंगावरची चादर पिळून काढावी एवढा घाम. मग पुन्हा बरा. जोर मारताना कंबर धरायला लागली. वस्ताद म्हणाले, "अंगात कमी पडतंय, दूध वाढवा." सोनाक्कानं मोठा तांब्या घेतला. बापू अजून खालावला. आणि मग त्याला नको त्या जागी सूज आली. त्यानं ती कुणाला सांगितली नाही, मलाही नाही. पण तालमीत लंगोट लावताना लपणार कसं?

पैलवानाची अब्रू लंगोटात. बाईच्या नादाला लागला की लंगोटाचा सैल म्हणतात, आणि एकदा तसं म्हटलं की तो माणूस मेल्यात जमा. तापानं खंगलेला, कंबर धरलेला आणि त्यात त्या जागी सूज, मग वस्तादांनी दुसरं काय समजावं? त्या आठवड्यात गावात तमाशाचा फड येऊन गेला होता. तेवढं पुरलं. वस्तादांनी सगळ्या पोरांसमोर त्याला विचारलं, "कुठं गेला हुतास रं?" बापू म्हणाला, "कुठंबी न्हाई." वस्ताद म्हणाले, "माझ्या मातीत परत पाय टाकू नगंस."

तालमीपासून घरापर्यंत तो मान खाली घालून आला. सांगलीची कुस्ती दुसऱ्या पोराला मिळाली. फलटणहून मुलगी सांगून आलेले पाहुणे फिरकेनात. आईनं तर कमाल केली. त्याला देव्हाऱ्यासमोर बसवून भंडारा हातात दिला आणि म्हणाली, "शपथ घे." मी तिचा हात धरला. म्हटलं, "आई, तुझं पोरगं तुला ठाऊक न्हाई व्हय? त्यापेक्षा विष दे त्याला." ती रडायला लागली आणि बापूनं शपथ घेतली. मला तेव्हा एवढा संताप आला होता की वस्तादांच्या दारात जाऊन दगड घालावा.

साहेब ह्या सगळ्या दिवसांत रजेवर आपल्या गावी होते. परत आले, पेरूला छत्री टांगली, पाय धुतले आणि अंगणातनंच बापूकडं बघत राहिले. तो खांबाला टेकून बसला होता. साहेब त्याच्याजवळ बसले. म्हणाले, "तम्मा, संध्याकाळी ताप आणि पहाटे घाम?" बापूनं मान हलवली. "कुठल्या बाईकडं गेला होतास?" "न्हाई." "बरं," साहेब म्हणाले, "मग म्हैस आहे." एवढंच. त्यांनी शपथ मागितली नाही की पुन्हा विचारलं नाही. बापू ओंजळीत तोंड घालून हमसून रडला. ताप आला तेव्हा रडला नव्हता, तालमीतनं हाकलला तेव्हाही नाही.

मिरजेला रक्त तपासून आणलं. तोच ताप. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की सूज हीसुद्धा त्याच तापाची. साहेब आनंदानं, म्हणजे त्यांच्या परीनं आनंदानं, वस्तादांकडे गेले. वस्ताद म्हणाले, "डॉक्टर काय, पैसं दिलं की काय बी सांगतोय." इब्राहिमभाई बरोबर गेला होता, आपल्या भावाचं सांगायला, त्याला कुणीतरी म्हणालं, "तू तुजी सुरी सांभाळ." सोनाक्कानं तर छाती बडवली. "माझ्या म्हशीला नावं ठिवतासा? माझं रेडकू थंडीनं गेलं! पुण्याईचं दूध हाय त्ये!" आणि ते पुण्याईचं दूध आता सांगलीला जाणाऱ्या दुसऱ्या पोराला सुरू झालं होतं.

हे ऐकून साहेबांचा चेहरा उतरला. रात्रभर त्यांच्या खोलीत येरझाऱ्या चालल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मला आणि बापूला घेऊन तालमीत गेले. मी दारातच थांबले, बाईमाणूस आत जात नसे. सोनाक्काचा तांब्या नुकताच आला होता. वर फेस होता.

साहेब म्हणाले, "वस्ताद, हे दूध त्या पोराला देऊ नका. आजपासून मला द्या."

पोरं हसायला लागली. वस्तादही हसले. "सायेब, तुमी? कच्चं?"

"मी. तुमच्यासमोर, रोज. मी पन्नाशीचा माणूस. माझी बायको गेली त्याला लई वर्षं झाली. मी रोज कुठं जातो, कधी येतो, साऱ्या गावाला माहीत आहे, कारण सारं गाव मला टाळायला बघतं. मला जर हाच ताप आला आणि त्याच जागी सूज आली, तर लंगोट कुणाचा सैल ते मग सांगा."

"आन न्हाई आली तर?"

"तर मी बदली मागून गाव सोडतो."

वस्तादांना ही गंमत वाटली. उकळीसाहेब कच्चं दूध पिणार! त्यांनी तांब्या पुढं केला. मी दारातनं ओरडले, "साहेब, नको!" बापूनं तर त्यांचा हात धरला. साहेबांनी तो सोडवला, गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि तांब्या तोंडाला लावला. मिशीला फेस लागला. पोरांनी टाळ्या पिटल्या.

मग ते रोज जात राहिले. गावाला करमणूक झाली. लोक बघायला यायचे. आणि साहेबांचं अंग भरायला लागलं हो! गालावर तजेला आला. सोनाक्का मिरवायला लागली, "बगा, माझ्या म्हशीचं दूध सायबाला कसं मानवलंय." मी रोज त्यांच्याशी भांडायची. एकदा म्हणाले, "तंगी, एक सांगू? चव फार चांगली आहे. एवढी चांगली असेल असं मला वाटलं नव्हतं." हसले. "लोक उकळत न्हाईत त्यात त्यांची चूक न्हाई."

बापूनं एकदा विचारलं, "सायेब, तुमी का पिताय? माझं काय व्हायचं ते होऊन गेलं."

ते म्हणाले, "तुझं कुणी ऐकत न्हाई. माझंही कुणी ऐकत न्हाई. दोघांचं एकदम ऐकतील म्हणून."

एक दिवस संध्याकाळी ते खाटीकखान्यातनं परत आले आणि पाय न धुताच ओट्यावर बसले. मी कपाळाला हात लावला. चटका बसला. मला रडू आलं, आणि ते म्हणतात काय, "वस्तादांना बोलवा." मी म्हटलं, "आधी डॉक्टर!" तर म्हणाले, "डॉक्टरांना माहीत आहे की."

तापाच्या दोन-तीन लाटा येऊन गेल्या. माणूस वाळून गेला. बापू स्वतः दुखण्यातनं जेमतेम उठलेला, पण त्यानं त्यांना उचलून घेतलं, तेल लावून सांधे चोळले, रात्रीचे ओले कपडे बदलले. मग सूज आली. साहेबांनी पुन्हा वस्तादांना निरोप धाडला. वस्ताद आले. साहेबांनी मला आणि आईला बाहेर जायला सांगितलं. आतनं त्यांचा आवाज आला, "लाजू नका. बघा. हीच जागा ना?"

वस्ताद बाहेर आले. बापू अंगणात बसला होता. वस्ताद त्याच्यापुढं खाली बसले आणि म्हणाले, "चुकलं, गड्या. तुझं नुकसान मी ह्या जन्मात भरून देऊ शकत न्हाई. चल तालमीत."

बापू म्हणाला, "कंबर गेली, वस्ताद. आता मी कशाला?"

वस्तादांच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि तेवढ्यात आतनं साहेब ओरडले, "आधी म्हशीचं काय ते बोला!" ताप असा चढलेला, तरी ते ओरडले.

म्हशीचं दूध त्याच दिवसापासून बंद झालं. सोनाक्कानं ती गाभडल्याचं कबूल केलं. चार दिवस तोंड लपवून बसली, मग स्वतः येऊन साहेबांच्या पायावर डोकं ठेवून गेली. तालमीत मोठं पातेलं आलं. सांगलीला जाणारं ते दुसरं पोरगं वाचलं. बापूच्या नावावरचा डाग गावानं धुऊन काढला. पुढं त्याचं लग्नही झालं, त्याच फलटणच्या मुलीशी. कुस्ती मात्र तो पुन्हा खेळला नाही.

बापू तरणा होता, निभावला. साहेब निभावले नाहीत. ताप जायचा आणि पुन्हा यायचा. पाठीचा कणा धरला. नोकरी सोडली आणि पुतण्या येऊन त्यांना त्यांच्या गावी घेऊन गेला. पालिकेनं निरोपाचा हारसुद्धा घातला नाही. इब्राहिमभाई गाडीबरोबर वेशीपर्यंत चालत गेला, तेवढंच.

लढाई संपून माझे यजमान परत आले त्या वर्षी मी आणि बापू त्यांना भेटायला गेलो. जतपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी. उजाड माळ, लांब लांब बाभळी. घर सापडायला वेळ लागला नाही, पण विचारलं की माणसं आमच्याकडं विचित्र बघायची. आडावर एक मराठी बोलणारी बाई भेटली. हसून म्हणाली, "तुमी त्येंचं कोण? शहरात नोकरी करून म्हातारं दुखणं घिऊन आलंय. बायको नसल्याला माणूस. कुठं कुठं गेला आसंल काय ठावं."

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी तिच्या अंगावर जाणारच होते, बापूनं मला मागं ओढलं.

साहेब खोलीत पडून होते. हाडांची मोळी. पुतण्याची बायको त्यांचं ताट उंबऱ्यावर ठेवून जायची, आत येत नव्हती. मठाचे स्वामी एकदाही आले नव्हते. आम्हाला बघून त्यांना एवढा आनंद झाला की ते कोपरावर रेलून उठायला बघायला लागले. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही ह्यांना सांगितलं नाही?"

"सांगितलं की, तंगी. इथंही कुणी ऐकत न्हाई."

बापू उठला आणि बाहेर गेला. मी मागं धावले. तो लंगडत सरळ चावडीवर गेला. पारावर पंधरा-वीस माणसं बसली होती, त्यांत साहेबांचा पुतण्याही होता, त्याला मराठी यायचं. ज्या पोरानं स्वतःची सूज आईला सांगितली नव्हती, बहिणीला सांगितली नव्हती, तो परक्या गावात चावडीच्या पायरीवर उभा राहिला आणि साहेबांच्या पुतण्याला म्हणाला, "मी बोलतो त्ये ह्येंच्या भाषेत सांग."

"मी सातारकडचा पैलवान हाय. ह्या सायबांना जे दुखणं हाय ते माझं दुखणं हाय." पुतण्यानं कानडीत सांगितलं.

"मला झालं तवा माझ्या गावानं मला लंगोटाचा सैल म्हणून हाकललं. मी बाईकडं गेलो नव्हतो. म्हशीच्या कच्च्या दुधानं झालं हुतं. कुणाला पटंना." पुतण्या अडखळला, पण त्यानं तेही सांगितलं.

"ह्यो माणूस माझ्यासाठी तेच दूध प्याला. ठावं असून प्याला. मला जिथं सूज आली हुती तिथंच ह्येंना हाय. आता कुणाला हसायचं आसंल त्यानं मला हसा. मी हितं बसलोय."

आणि तो पायरीवर बसला. पुतण्याच्या तोंडचं शेवटचं वाक्य संपलं. मग पारावरचा एक म्हातारा उठला, वहाणा पायात घातल्या आणि साहेबांच्या घराकडं चालायला लागला. त्याच्यामागं दुसरा उठला.

मी पळत पुढं गेले. साहेबांनी विचारलं, "काय गडबड आहे, तंगी?" मी म्हटलं, "माणसं येतायत, तुम्हाला भेटायला." ते मग म्हणाले, खुंटीवरचा धुतलेला सदरा दे. मी त्यांना उठवून बसवलं, सदरा अंगात घातला आणि बटणं लावून दिली, कारण त्यांना स्वतःला ती लावता येईनात.